थंडीतलं मसालेदार भाज्यांचं सूप: कोणता मसाला केव्हा घालायचा

कॉर्नफ्लोअरने चिकट झालेलं पाणी, त्यात गाजराचे चार चौकोनी तुकडे आणि टेबलावरच्या डबीतली शिळी मिरपूड. लग्नाच्या हॉलमध्ये ‘व्हेज सूप’ म्हणून बहुतेकदा हेच हातात येतं. त्याने जीभ पोळते, पण अंगात ऊब येत नाही. घरी करताना मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: गरम मसाला सढळ हाताने, लाल तिखट भरपूर आणि वर पुन्हा मिरपूड. तसं सूप डोळ्यांतून पाणी काढतं, भाजीची चव त्यात कुठेच लागत नाही आणि चार घोटांनंतर वाटी बाजूला सरकते.

इथे सांगितलेलं सूप लाल भोपळा, गाजर, टोमॅटो आणि मसूर डाळ यांचं आहे. त्यात मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, साय नाही. दाटपणा भोपळ्याचा आणि डाळीचा. मसाले मात्र तीन वेळा घालायचे: काही सुरुवातीला तुपात, काही भाज्यांबरोबर आणि काही गॅस बंद केल्यावर. प्रमाण घरच्या जिभेप्रमाणे कमी-जास्त केलं तरी बिघडत नाही. वेळ चुकली की बिघडतं.

ऊब येते कुठून

गरम पेय प्यायलं की गरम वाटणारच, पण मसाल्यांची ऊब वेगळी असते. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी ग्राहकं (रिसेप्टर), म्हणजे संवेदना टिपणारी प्रथिनं, असतात. त्यातलं एक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर जागं होतं आणि ‘पोळतंय’ असा निरोप मेंदूला धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं याच ग्राहकाला चाळवतं, त्यामुळे मिरची थंडगार असली तरी जीभ भाजल्यासारखी होते. मिऱ्यातलं पायपरीन आणि आल्यातलं जिंजेरॉल हेही त्याच ग्राहकावर काम करतात, फक्त जरा सौम्यपणे. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीचा हा धागा पकडूनच ते ग्राहक शोधलं आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

स्वयंपाकघरात याचा उपयोग असा. एकाच मसाल्याचा मारा केला की फक्त तिखटपणा वाढतो. मिरी, आलं, सुंठ, दालचिनी थोडी थोडी एकत्र आली की जीभ, टाळा, घसा अशी सगळीकडे ऊब पसरते आणि ती रेंगाळते. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगिजांच्या काळात. त्याआधी इथला स्वयंपाक मिरी, पिंपळी आणि आल्यावरच तिखट होत होता, आणि सूपसारख्या पातळ पदार्थाला तीच जुनी मंडळी अधिक शोभतात असं माझं ठाम मत आहे. लाल तिखट या सूपमध्ये आहे, पण रंगापुरतं.

मंडईतून काय आणायचं

हे प्रमाण चारजणांना पोटभर होईल असं आहे, म्हणजे साधारण सव्वा ते दीड लिटर सूप. छोटा चमचा म्हणजे ५ मिली, मोठा चमचा म्हणजे १५ मिली, आणि वाटी आमटीची नेहमीची, साधारण १५० मिलीची.

वाटून घ्यायच्या भाज्या:
- लाल भोपळा, साल आणि बिया काढून २५० ग्रॅम
- गाजरं २ मध्यम
- टोमॅटो २ मध्यम, चांगले पिकलेले
- कांदा १ मोठा
- लसूण ५–६ पाकळ्या
- आलं दीड इंच
- मसूर डाळ ३ मोठे चमचे

तशाच ठेवायच्या भाज्या:
- ओला मटार अर्धी वाटी
- फ्लॉवरचे अगदी बारीक तुरे अर्धी वाटी
- पातीच्या कांद्याच्या २ काड्या
- मिळाली तर ओल्या लसणाची पात, मूठभर

मसाले आणि बाकीचं:
- तूप दीड मोठा चमचा
- दालचिनी १ इंच, लवंगा २, तमालपत्र १
- जिरे अर्धा छोटा चमचा, हिंग चिमूटभर
- हळद पाव छोटा चमचा, ब्याडगी मिरचीचं तिखट पाव छोटा चमचा
- सूपचा मसाला १ छोटा चमचा (कृती पुढे आहे)
- मिरे ८–१०, आयत्या वेळी कुटायला
- मीठ दीड छोटा चमचा, पण सगळं एकदम नाही
- अर्धं लिंबू, कोथिंबीर

भोपळा निवडताना कापलेली फोड घ्या, म्हणजे आतला रंग दिसतो. गर्द केशरी, घट्ट गर हवा. फिकट पिवळा आणि सुटलेल्या दोऱ्यांचा असेल तर सूप पाणचट होतं. हिवाळ्यात दिल्लीची लाल गाजरं येतात. ती हलव्याला उत्तम, पण सूपमध्ये भोपळ्याचा आणि त्यांचा गोडवा मिळून जरा जास्त होतो. लाल गाजरं घेणार असाल तर भोपळा २०० ग्रॅमवर आणा आणि लिंबू सढळ पिळा. बारमाही मिळणारी केशरी गाजरं इथे जास्त सोयीची.

मसूर डाळच का? ती भिजवावी लागत नाही, पटकन विरघळते आणि तिची स्वतःची चव पुढे पुढे करत नाही. मूग डाळही चालते, मग सूप थोडं हलकं आणि फिकट होतं. आजारी माणसासाठी करत असाल तर मूगच घ्या. तूर डाळ नको, तिने त्याची आमटी होते. बटाटाही नको. मिक्सरच्या पात्यांनी उकडलेल्या बटाट्यातला स्टार्च मोकळा होतो आणि सूपला लिबलिबीत तार येते.

दालचिनीबद्दल एक गोष्ट. किराणा दुकानात मिळते ती बहुधा जाड, कडक सालीची असते आणि तिचा तिखट-गोड उग्रपणा जास्त असतो. त्यातला एक इंच पुरे. पातळ, पापुद्र्यांची, बोटांनी चुरगळता येणारी दालचिनी सौम्य असते, ती दीड इंच घ्यायला हरकत नाही.

सूपचा मसाला

बाजारचा गरम मसाला घालू नका असं म्हणणार नाही, पण त्यात मोठी वेलची, जायपत्री असं बरंच काही असतं आणि सूपला पुलावाचा वास येतो. हा मसाला पंधरा मिनिटांत होतो आणि महिनाभर पुरतो.

धणे २ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, मिरे २ छोटे चमचे, बडीशेप १ छोटा चमचा, लवंगा ३, दालचिनी १ इंच आणि सुंठ पूड १ छोटा चमचा. सुंठ सोडून बाकीचं जाड तव्यावर मंद आचेवर भाजा. सगळं एकदम टाकायचं नाही. आधी दालचिनी, लवंगा आणि मिरे, मिनिटभराने धणे आणि बडीशेप, शेवटी जिरे, कारण जिरे सगळ्यांत आधी करपतात. धण्यांचा वास सुटला आणि रंग एक छटा गडद झाला की लगेच ताटात काढा. तव्यावरच ठेवले तर गॅस बंद केल्यावरही भाजणं चालूच राहतं. पूर्ण गार झाल्यावर सुंठ घालून मिक्सरमध्ये फिरवा, किंचित भरड राहिलं तर चांगलंच. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा.

सुंठ आणि ओलं आलं दोन्ही का, असा प्रश्न पडेल. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल नावाच्या संयुगात बदलतो आणि ते जास्त झणझणीत असतं. ओल्या आल्याचा टवटवीत, लिंबासारखा वास सुंठीत नसतो आणि सुंठेची घशात उतरणारी धग ओल्या आल्यात नसते.

पाणी की भाज्यांचं पाणी

साध्या पाण्यात हे सूप होतं आणि बरं होतं. पण मटार सोलायला घेतलेच आहेत तर त्यांची सालं फेकू नका. गोड, कोवळ्या मटारच्या साली स्वच्छ धुऊन, कोथिंबिरीचे दांडे, गाजराची टोकं आणि पातीच्या कांद्याची मुळाकडची पांढरी बाजू यांच्यासोबत सव्वा लिटर पाण्यात २०–२५ मिनिटं मंद उकळा आणि गाळा. हिरवट-सोनेरी, गोडसर पाणी मिळतं. हेच वापरलं की सूपची चव एकदम खोल जाते, आणि खर्च शून्य.

या पातेल्यात कोबी, फ्लॉवरचे दांडे आणि मुळा मात्र टाकू नका. या भाज्यांमध्ये गंधकाची संयुगं असतात आणि जास्त वेळ उकळल्या की तो ओळखीचा उग्र दर्प सगळ्या घरात पसरतो. बिटाने रंगाचा विचका होतो. साली मातकट किंवा डागाळलेल्या असतील तर सरळ साधं पाणी घ्या.

पहिला टप्पा: तूप आणि खडा मसाला

कुकरमध्ये किंवा जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा तूप मध्यम आचेवर तापवा. उरलेलं अर्धा चमचा शेवटच्या फोडणीसाठी बाजूला ठेवा. दालचिनी, लवंगा, तमालपत्र घाला. लवंगा फुगल्या की कांदा टाका. खड्या मसाल्यांचा सुगंध ज्या तेलांत असतो ती पाण्यापेक्षा तुपात सहज उतरतात, म्हणून हे मसाले उकळत्या सूपमध्ये नंतर टाकून तसा उपयोग होत नाही. तुपाऐवजी तेल घेतलं तरी काम तेच होतं. पण अर्धा चमचा तेलात भागवायचा मोह टाळा. हळदीचा रंग, तिखटाची चव, गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन, या सगळ्यांना स्निग्ध पदार्थ लागतो.

किती लवंगा टाकल्या ते लक्षात ठेवा. वाटण्याआधी तेवढ्याच बाहेर काढायच्या आहेत. अख्खी लवंग मिक्सरमध्ये गेली तर सगळ्या सूपला दातांच्या दवाखान्याचा वास येतो, आणि त्यावर उपाय नाही.

कांदा जाडसर चिरला तरी चालेल, कारण तो वाटायचाच आहे. तो पारदर्शक होऊन कडा सोनेरी होईपर्यंत परता, पाच-सहा मिनिटं लागतात. बिर्याणीसारखा तांबूस करायचा नाही. चिमूटभर मीठ आत्ताच टाकलं तर कांदा पाणी सोडतो आणि लवकर शिजतो. मग लसूण आणि आल्याचा एक इंच तुकडा, ठेचून. उरलेलं अर्धा इंच आलं बाजूला ठेवा, त्याचं काम शेवटी आहे. शिजताना आल्याचा तिखटपणा उतरतो आणि गोडसर, मवाळ चव मागे राहते. ती तळाशी हवी आहे. वरची झणझणीत चव शेवटच्या आल्यातून मिळेल.

दुसरा टप्पा: भाज्या, हळद, तिखट

आच कमी करून हळद आणि तिखट घाला. मोजून दहा सेकंद परता आणि लगेच दोन मोठे चमचे पाणी शिंपडा. तिखट करपायला फार वेळ लागत नाही, आणि करपलेलं तिखट सूपमध्ये लपत नाही. पाणी आटून कडेला तूप दिसू लागलं की भोपळ्याच्या आणि गाजराच्या फोडी टाका. गाजर भोपळ्यापेक्षा उशिरा शिजतं, म्हणून त्याच्या फोडी निम्म्या आकाराच्या करा. दोन-तीन मिनिटं परतून धुतलेली मसूर डाळ आणि एक छोटा चमचा मीठ.

इथून पुढे कुकरचा रस्ता वेगळा, पातेल्याचा वेगळा.

कुकरमध्ये करत असाल तर टोमॅटो चौकोनी चिरून आत्ताच टाका, पाच वाट्या गरम पाणी किंवा भाज्यांचं पाणी ओता, झाकण लावा. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं. वाफ आपली आपण जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर डाळीचा फेस झाकणातून उडतो आणि ओटा पुसत बसावं लागतं.

पातेल्यात करत असाल तर टोमॅटो थांबवा. आंबट पदार्थामुळे डाळ आणि गाजर शिजायला वेळ लागतो. त्यांच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर सुटत नाही. कुकरमध्ये आत सुमारे १२० अंशांपर्यंत तापमान जातं, तिथे हा फरक जाणवत नाही. उघड्या पातेल्यात जाणवतो. सहा वाट्या पाणी घालून, अर्धं झाकण ठेवून आधी डाळ आणि गाजर १५–१८ मिनिटं शिजवा, डाळ बोटाने चुरली जाते ना ते बघा, मग टोमॅटो घालून आणखी दहा मिनिटं. लवकर शिजावं म्हणून खाण्याचा सोडा टाकण्याची काही घरांत पद्धत आहे. सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, भाजी लगदा होते आणि साबणासारखी चव लागते. एवढ्या मऊ डाळीला त्याची गरजच नाही.

वाटणं, आणि मिक्सरच्या झाकणाची गोष्ट

तमालपत्र, दालचिनी, लवंगा काढून टाका. मिश्रण दहा-पंधरा मिनिटं कोमट होऊ द्या. घाई असेल तर हा भाग नीट वाचा. उकळतं मिश्रण मिक्सरमध्ये फिरवलं की क्षणात भरपूर वाफ तयार होते, तिला जायला जागा नसते आणि झाकण उडून गरम सूप हातावर, तोंडावर येतं. हे स्वयंपाकघरातल्या वाईट भाजण्यांपैकी एक आहे. भांडं निम्म्याहून कमी भरा, झाकणाला मधली टोपी असेल तर ती काढून तिथे दुमडलेलं जाड फडकं धरा, आणि आधी बटण क्षणभर दाबून सोडा, असं तीन-चार वेळा, मग सलग फिरवा. हातात धरायचा ब्लेंडर असेल तर पातेल्यातच काम होतं. फक्त पातं पूर्ण बुडालेलं असू द्या.

मिक्सर नसेल, किंवा वीज गेली असेल, तर पुरणयंत्र आहे. त्याने सूप थोडं दाणेदार होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त आवडतं. रवीनेही घोटता येईल, पण मग गाजर अगदी मऊ शिजलेलं हवं.

गाळायचं का? घरात लहान मुलं टोमॅटोच्या साली-बियांवरून कुरकुर करत असतील तर मोठ्या भोकांच्या गाळणीतून काढा. एरवी नको. गाळणीत जो चोथा उरतो तो भाजीच आहे.

तिसरा टप्पा: उकळी, मटार आणि दाटपणा

वाटलेलं सूप पुन्हा पातेल्यात घ्या. आता दाटपणा ठरवायचा. ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ, असा अंदाज ठेवा. डावाच्या पाठीवर पातळ थर धरला पाहिजे. पाणी घालायचं तर गरमच घाला. गार पाण्याने उकळी मोडते.

मध्यम आचेवर उकळी आली की मटार आणि फ्लॉवरचे तुरे. झाकण ठेवू नका. उघड्यावर मटार हिरवे राहतात आणि फ्लॉवरचा दर्प उडून जातो. सहा ते आठ मिनिटांत दोन्ही शिजतात. फ्लॉवरला किंचित करकरीतपणा राहिला पाहिजे. दाट सूप उकळताना बुडबुडे फुटून अंगावर उडतं, तेव्हा आच मंद ठेवा आणि तळापासून ढवळत राहा. डाळीचं सूप खाली लागलं की तो वास सगळ्या पातेल्यात चढतो.

मीठ आत्ता चाखा. वाटण्याआधी आणि नंतर चव वेगळी लागते, आणि लिंबू पिळल्यावर खारटपणा आणखी वर येतो. म्हणून उरलेलं मीठ थोडं थोडं, शेवटचं चिमूटभर लिंबानंतर.

चौथा टप्पा: गॅस बंद केल्यावर

या सूपचं बरंवाईट याच दोन मिनिटांत ठरतं.

लोखंडी पळीत किंवा छोट्या कढल्यात राखून ठेवलेलं तूप तापवा. जिरे तडतडले की हिंग, आणि ओल्या लसणाची पात असेल तर ती बारीक चिरून. पाच सेकंदांत फोडणी सूपवर ओता आणि लगेच झाकण ठेवा, म्हणजे फोडणीची वाफ आतच राहते. गॅस बंद.

आता तीन गोष्टी. एक, सूपचा मसाला छोटा चमचाभर. दोन, राखून ठेवलेलं अर्धा इंच आलं किसून, मुठीत दाबून त्याचा रस. तीन, खलबत्त्यात आत्ताच जाडसर कुटलेली मिरी. मिऱ्याचा झणका उकळूनही टिकतो, कारण पायपरीन वाफेबरोबर उडत नाही. उडतो तो सुगंध. म्हणूनच आधीपासून शिजलेल्या मिऱ्याचं सूप नुसतं तिखट लागतं, आणि शेवटी कुटून घातलेल्या मिऱ्याला वास येतो. डबीतली तयार मिरपूड कितीही शेवटी घातली तरी हे होत नाही. तिचा वास केव्हाच गेलेला असतो.

ढवळा, झाकण ठेवून तीन मिनिटं मुरू द्या, मग लिंबू. लिंबू पिळल्यावर पुन्हा उकळी काढायची नाही. वर पातीच्या कांद्याची हिरवी चकती आणि कोथिंबीर.

वाट्या आधी गरम पाण्याने विसळून पुसून घ्या. थंडीत स्टीलची गार वाटी सूपचं तापमान बघता बघता खाली आणते. निफाडकडे किंवा महाबळेश्वरात पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या आठवड्यात तर हे कराच.

बिघडलं तर

खारट झालं तर बटाटा टाकून उकळण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. बटाटा मीठ निवडून शोषत नाही. तो खारट पाणी शोषतो, बाकीचं पाणी तितकंच खारट राहतं. खरा उपाय एकच, सूप वाढवणं: गरम पाणी, एखादी वाटी उकडलेला भोपळा किंवा शिजलेली डाळ.

फार तिखट झालं तर पाणी घालून फारसा फायदा नाही. दोन-तीन मोठे चमचे नारळाचं दूध किंवा फेटलेलं घट्ट दही घाला. दही घालायचं तर गॅस बंद करून, आधी त्यात थोडं गरम सूप मिसळून मगच पातेल्यात. नाहीतर ते फाटतं. नारळाचं दूध घातल्यावर रटरट उकळू देऊ नका.

गोड लागतंय? लिंबू आणि मिरी वाढवा. साखरेच्या उलट काम आंबट आणि तिखट करतात, मीठ नाही. आंबट लागतंय? टोमॅटो कच्चे असणार. अगदी छोटा गुळाचा खडा किंवा आणखी थोडं शिजलेलं गाजर. कडू लागत असेल तर लसूण करपला आहे किंवा लवंग वाटली गेली आहे, आणि अशा वेळी प्रामाणिकपणे त्याचं डाळ-वरण करून मोकळं व्हावं. सूप म्हणून ते सुधारत नाही.

पचपचीत लागतंय, पण मीठ बरोबर आहे, असं झालं तर बहुतेकदा आंबटपणा कमी असतो. आधी लिंबाचे चार थेंब एका वाटीत घालून चाखा.

घरोघरीचे फेरफार

कोल्हापूर-सांगलीकडे घरात कांदा-लसूण मसाला असतोच. तो अर्धा छोटा चमचा घेतला तर लाल तिखट वगळा आणि सूपचा मसाला निम्मा करा. खानदेशी काळा मसालाही छान बसतो, पण त्यासोबत दालचिनी नको. कोकणात त्रिफळं मिळतात. त्यांच्या काळ्या बिया काढून दोन टरफलं कुटून शेवटच्या उकळीत टाकली आणि वाढण्याआधी काढली, तर जिभेवर जी बारीक झिणझिण येते ती मिऱ्याच्या जोडीला फार गंमत आणते. लिंबाऐवजी मग आमसूल.

ओली हळद थंडीतच मंडईत येते. अर्धा इंच किसून आल्याबरोबर परता आणि हळद पूड वगळा. हात पिवळे होतील, हरकत नाही.

अधिक पोटभरीचं हवं असेल तर नाचणीचं पीठ. दोन छोटे चमचे पीठ पाव वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवून उकळत्या सूपमध्ये घाला आणि पाच मिनिटं शिजवा, म्हणजे कच्चटपणा जातो. रंग मळकट होतो, चव मातकट-गोड. भाकरीचा शिळा तुकडा कुस्करून तळाशी घालून वर सूप ओतणं हाही उत्तम प्रकार, विशेषतः ज्वारीची भाकरी असेल तर. ब्रेडचे तळलेले चौकोन मला या सूपवर पटत नाहीत. त्यापेक्षा भाजलेले, सोललेले, अर्धवट कुटलेले शेंगदाणे टाका.

परदेशात राहणाऱ्यांना आपला लाल भोपळा मिळतोच असं नाही. तिथला बटरनट स्क्वॅश त्याची जागा नीट घेतो. तो जास्त गोड आणि जास्त घट्ट असतो, त्यामुळे पाणी एक वाटी वाढवा. फ्रीजरमधले मटार आधीच उकळत्या पाण्यातून काढलेले असतात, त्यांना शेवटची तीन मिनिटंच पुरतात. हिवाळ्यातले तिकडचे टोमॅटो बेचव असतील तर डब्यातले सोललेले टोमॅटो घ्या, पण डब्यावर मीठ लिहिलंय का ते बघा आणि तेवढं मीठ कमी करा.

घरात कुणाला आम्लपित्ताचा त्रास असेल तर टोमॅटो एकच, तिखट नाही, आणि मिरी त्यांच्या वाटीपुरती वेगळी. लहान मुलांची वाटी चौथ्या टप्प्याआधी बाजूला काढा. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठ निम्मं करून लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वाढवली तर अळणीपणा फारसा कळत नाही. सर्दी-खोकल्यात हे सूप घशाला बरं वाटेल, नाक मोकळं होईल, पाणी पोटात जाईल. औषधाचं काम ते करत नाही. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

उरलं तर

डाळीचं आणि भाज्यांचं सूप बाहेर लवकर खराब होतं, थंडी असली तरी. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. भरलेलं खोल पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून दोन-तीन पसरट डब्यांत विभागा. तीन दिवस चांगलं राहतं.

पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर वाटण्यापर्यंतचं काम करा आणि थांबा. मटार, फ्लॉवर, फोडणी, मसाला, आल्याचा रस हे सगळं आयत्या वेळी. वाटलेला भाग फ्रीजरमध्ये दोन महिने राहतो. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना तो फुगतो.

रात्रभरात सूप घट्ट होतं, कारण डाळ पाणी शोषत राहते. गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला, तळापासून ढवळत चांगली उकळी काढा आणि लागेल तेवढंच गरम करा, सगळा डबा पुन्हा पुन्हा नाही. मिरी आणि लिंबू मात्र नव्याने घालायचे, कालचे कालच संपलेले असतात.